भिंतीतली पाल

"मेली परत लागली," सासूबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या. "दुपारचं जरा अंग टाकावं म्हटलं की हिची चुकचुक सुरू."

आम्ही दोघी माजघरात चटईवर शेंगा फोडत बसलो होतो, गुडघ्याला गुडघा लावून.

"कोण?" मी विचारलं.

"पाल. भिंतीत शिरलीय कुठंतरी."

मी कान दिला. भिंतीपलीकडून टक् असा एक बारीक आवाज आला आणि थांबला. एरवी दुपारभर माझं शिवणाचं मशीन घडघडत असायचं, त्यामुळे मला असलं काही ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. त्या दिवशी मशीनचा पट्टा तुटला होता म्हणून मी शेंगांना बसले होते.

"झाडू घेऊन हुसकते," मी उठायला लागले.

सासूबाईंनी माझा पदर धरून मला खाली बसवलं. "नको. असू दे, शैला. जीव हाय त्यो."

ज्या बाईने झुरळाला कधी दया दाखवली नाही, तिला पालीचा इतका पुळका कसा, हे मला तेव्हा विचारायला सुचलं नाही. या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. पण तो पदराला बसलेला हिसका अजून जाणवतो.

भिंतीपलीकडे आमच्या घराची जुनी गुळाची खोली होती. सासरे, सुभेदार आबा जगदाळे, फौजेतून निवृत्त होऊन गावी आले, गुऱ्हाळ बंद केलं आणि त्या पत्र्याच्या लांबलचक आवारात नेमबाजीचा क्लब काढला. गुळाच्या खोलीला लोखंडी दार बसवलं, सरकारी परवाने आणले आणि क्लबची हत्यारं त्या खोलीत ठेवली. खोलीची चावी एकच. ती आबांच्या कमरेच्या करगोट्याला. आंघोळीलासुद्धा ती सुटत नसे. आमचे हे, म्हणजे दिनकरराव, क्लबचे सचिव, पण सचिवाने चावी मागितली तर आबा म्हणत, "तुला खोलीत काय काम? तू कागद सांभाळ."

त्या साली दिवाळीत क्लबने पॉइंट टू टूचं नवं पिस्तूल घेतलं होतं, परदेशी बनावटीचं. पुण्याच्या बारटक्क्यांच्या दुकानातून पेटी आली तेव्हा सासूबाईंनी तिला हळदकुंकू लावायला घेतलं. आबा म्हणाले, "पेटीला लाव. आत एक कण गेला तर तुला जबाबदार धरीन."

पिस्तूल क्लबचं असलं तरी ते हर्षदासाठी होतं हे सगळ्या गावाला माहीत होतं. हर्षदा मोकाशी ही गिरणीवाल्याची मुलगी. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. कपाळावर, केसांत, कानांच्या पाळ्यांवर कायम पिठाची एक फिकट साय असायची, आणि तिचा हात एकदा वर उठला की झाडाच्या फांदीसारखा स्थिर. जुन्या खिळखिळ्या पिस्तुलावर तिने जिल्ह्यात नाव काढलं होतं. तिच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं, "यंदा राज्याला निवड झाली तर पुढचं बघू. न्हाईतर गिरणीवर बस, मला माणूस लागतंय." म्हणजे तिच्यासाठी सगळं त्या एका सालावर होतं.

आणि ते नवंकोरं पिस्तूल महिन्या-दीड महिन्यात रुसायला लागलं.

त्या दुपारी शेंगांचा पसारा आवरत होते तोवर आबा पिस्तुलाची पेटी काखेत घेऊन आवारात गेले. हर्षदा आली. थोड्या वेळाने बार ऐकू यायला लागले. एक, दोन, तीन, आणि मग नुसतीच शांतता. मी हात पुसत मागच्या दाराशी गेले.

हर्षदा न उडालेलं काडतूस तळहातावर घेऊन उभी होती. "आबा, बघा ना. पिन बसतीय, पण हलकी बसतीय. नुसता ओरखडा उठलाय."

"मनगट ढिलं पडतंय तुझं," आबा म्हणाले.

"मनगटाचा काय संबंध? पिन तर आतल्या आत मारते."

"मला शिकवतेस?"

"न्हाई आबा."

मला तिथल्या तिथे राग आला. मला पिस्तुलातलं काय कळतं, असं कुणी म्हणेल. पण आबांनी पहिल्या वर्षी पोरांना धडा दिला होता तो माझ्याच स्वयंपाकघरातली काठाची थाळी घेऊन, आणि मी दारात उभी राहून ऐकला होता. "हे समजा काडतुसाचं बूड. मोठ्या काडतुसात ठिणगीची दारू असते मधोमध. या छोट्यात ती असते काठात, इथं, थाळीच्या वळलेल्या कडेत. पिन काठावर मारते, म्हणून याला म्हणायचं रिमफायर. काठ चेपला की ठिणगी, ठिणगी पडली की बार. आता काडतूस नसेल आणि चाप ओढला, तर पिन कुणावर मारेल? पोलादाच्या कडेवर. पिनही जाईल, कडही जाईल." मग त्यांनी स्वतः लाल रंगाचा डबा आणून आवाराच्या भिंतीवर लिहिलं होतं: रिमफायर पिस्तूल रिकामं चालवू नये. खाली सही, सुभेदार जगदाळे. अक्षर असं की छापल्यासारखं.

तेव्हा पिन हलकी बसत असेल तर दोष पिनेचा, पोरीचा नव्हे, इतकं गणित मला येत होतं. मी तसं म्हणाले.

आबा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "बरोबर. माल खराब आहे. त्या बारटक्क्याने फसवलंय. दिनकरला सांग, खरमरीत फोन कर म्हणावं." आणि हर्षदाकडे वळून, "पमा, घाबरू नकोस. तुला नवं मिळवून देतो."

पमा म्हणजे माझी नणंद. ती लग्न होऊन बेळगावला होती. हर्षदा गालातल्या गालात हसली, मीही हसले. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी नावांची अदलाबदल व्हायचीच. त्याच आठवड्यात त्यांनी एका सकाळी दोनदा दाढी केली होती, तेव्हा हे म्हणाले होते, "फौजी शिस्त. दिसला केस की कापला." आम्ही जेवताना हसलो होतो. सासूबाई हसल्या नव्हत्या, पण त्या दाताच्या कवळीपायी एरवीही कमीच हसत.

यांनी काही फोन केला नाही. "बघू, करतो, घाई काय," हे यांचं ठरलेलं. शेवटी मीच केला.

"वहिनी, माल नवाकोरा आहे," बारटक्के म्हणाले. "पेटी तुमच्यासमोर फोडलेली."

"फोडली ना. म्हणूनच विचारते. नवंकोरं पिस्तूल दर चार बारांना रुसतं कसं?"

"काडतुसं सर्दावली असतील."

"तीच काडतुसं जुन्या पिस्तुलातून सुरळीत उडतात."

"मग हाताचा प्रश्न. मुलगी आहे ना चालवणारी? मुलींचं मनगट जरा..."

"बारटक्के, मी शिवणकाम करते. माझं मशीन टाका सोडायला लागलं तर गिऱ्हाइकाला, तुमचा दंडच वाकडा आहे, असं मी सांगत नाही."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग, "दिनकररावसाहेब आहेत का घरात? त्यांना देता फोन?"

"साहेब बँकेत गेलेत. तक्रार माझी आहे."

"कळवतो," म्हणाले आणि कळवलं नाही.

मग आली जिल्ह्याची चाचणी. जीपमध्ये हे, मी आणि हर्षदा. आबा येणार होते, पण सासूबाईंनी आदल्या रात्री 'माझ्या गुडघ्याला तेल लावा', 'माझ्या छातीत धडधडतंय' असं काय काय करून त्यांना घरी ठेवून घेतलं. ते पेटी आमच्या हवाली करताना हर्षदाला म्हणाले, "श्वास अर्धा सोड. मग चाप. एवढंच लक्षात ठेव, बाकी सगळं विसर."

चाचणीत समोर दिवा हिरवा झाला की हात वर उचलायचा आणि तो विझायच्या आत एक बार. असं पाचदा. पहिल्याच फेरीत तिसऱ्या दिव्याला हात उठला, चाप ओढला गेला आणि काही झालं नाही. हर्षदाने नियमाप्रमाणे पिस्तूल रोखलेलं ठेवून दुसरा हात वर केला. पंच आले, बघितलं, ती फेरी पुन्हा दिली. अशी सवलत एकदाच मिळते. पुढच्या फेरीत पुन्हा तसंच झालं. या खेपेला पंचांनी मान हलवली. तेवढ्या बारांचे शून्य.

माझ्या मागे एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, "बायकी हात. दबावाखाली कचरतात."

मी मागे वळले. "तुमचं पेन चालेनासं झालं तर तुम्ही निरक्षर होता का?" ते गृहस्थ जागा बदलून बसले. यांनी माझ्या कोपराला हात लावला, म्हणजे आता पुरे. यांचं सगळं आयुष्य कुणाच्या ना कुणाच्या कोपराला हात लावण्यात गेलं आहे.

परत येताना हर्षदा पेटी मांडीवर घेऊन बसली होती. रडली नाही. फक्त एकदा म्हणाली, "काकू, पिस्तूल नवंच होतं ना हो?"

"नवंच होतं."

"दिवाळीत तर एकदाही चुकलं न्हाई." मग ती बाहेर बघत राहिली. तिला आणखी काहीतरी बोलायचं होतं असं वाटलं. मी वाट बघितली. पुढच्या सीटवरून हे म्हणाले, "अजून एक चाचणी आहे. शेवटची. होईल काहीतरी." आणि तिचं राहून गेलं.

घरी आबांनी ऐकून घेतलं आणि मुठी आवळल्या. "बारटक्क्याला उभा-आडवा करतो. माझ्या पोरीचे बार फुकट घालवले त्यानं." खरंखुरं तापले होते. त्यांच्या कपाळाची शीर मी मोजक्याच वेळा तशी फुगलेली पाहिली आहे. मी तेवढ्याच तावात दुकानाला फोन लावला आणि सांगितलं की दोन दिवसांत माणूस आला नाही तर मी पेटी घेऊन तुमच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला न उडालेलं काडतूस एकेक वाटते.

बारटक्के स्वतः आले. मला वाटलं होतं गुळगुळीत दुकानदार असेल. निघाला पोट सुटलेला, घामाघूम झालेला, एसटीने आलेला भला माणूस. ओसरीवर पांढरं फडकं पसरून त्याने पिस्तूल सोडवलं. नळीच्या मागच्या तोंडाशी बारीक विजेरी धरली. आबा खुर्चीत ताठ बसले होते. हे खांबाला टेकून. हर्षदा पायरीवर. मी दारात. सासूबाई आत चहाला आधण ठेवत होत्या.

"सुभेदारसाहेब, जरा बघता?" बारटक्के म्हणाले. "ही कड. इथं खाच पडलीय. बोट फिरवून बघा, लागेल."

आबांनी बोट फिरवलं.

"काडतूस नसताना चाप ओढला की पिन इथं आदळते. पिनसुद्धा बोथट झालीय. त्यामुळे काठावर जोर बसत नाही. हा बनावटीचा दोष नाही, साहेब. हे रिकामं चालवलंय कुणीतरी. एकदोनदा नव्हे. रोजचं आहे हे."

माझ्या मनात बारटक्क्यांसाठी जमवलेली सगळी वाक्यं होती, ती तिथेच राहिली.

"मी पिन बदलून देतो," बारटक्के फडक्याकडे बघत म्हणाले. "कडही घासून सारखी करतो. तुमच्या शेवटच्या चाचणीआधी पोचवतो, माझ्या पदरचं. पण परत रिकामं चाललं तर परत हीच गत होणार. त्याला माझा इलाज नाही. ते तुमचं तुम्हाला बघायला लागेल."

आबा उठले. आवाराच्या भिंतीकडे हात करून म्हणाले, "ते काय लिहिलंय? कुणी लिहिलंय? स्वतःच्या हातानं लिहिलंय मी." आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त भीती वाटली. "कोण चालवतं रिकामं?"

आबांची नजर एकेकावरून फिरत पायरीवर थांबली.

"हर्षदा. छऱ्याच्या, बिनपिनेच्या पिस्तुलावर रिकाम्या चापाची सवय करतेस ना रोज? तीच सवय यावर केलीस."

"न्हाई आबा."

"मग कोण? भूत?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. पोर पिस्तूल घेते ती आबांच्या हातातून, ठेवते ती आबांच्या हातात. मधला सगळा वेळ आबा तिच्या खांद्याशी. खोलीला कुलूप. चावी... आणि चावीपाशी येऊन माझा विचार अडखळला. आबांचा हात त्यांच्या सवयीप्रमाणे कमरेवर होता. अंगठा करगोट्यावरच्या त्या पितळी चावीवरून पुढे-मागे, पुढे-मागे फिरत होता. टक्, असा एकदाच ऐकलेला तो आवाज मला आठवला. मागोमाग सासूबाईंनी ओढलेला पदर.

मी यांच्याकडे पाहिलं. हे आवारातल्या चिंचेकडे बघत होते. त्या चिंचेत बघण्यासारखं काही नव्हतं. यांना माहीत होतं. कधीपासून, कोण जाणे. चाचणीला जाताना माहीत होतं, पोरीला शून्य मिळाले तेव्हा माहीत होतं, माझ्या कोपराला हात लावला तेव्हाही माहीत होतं. त्या क्षणी मला बारटक्क्यांचा, पंचांचा, त्या मागच्या गृहस्थांचा आलेला सगळा राग किरकोळ वाटला, इतका मला माझ्या नवऱ्याचा आला.

"उद्यापासून क्लबात यायचं नाही," आबा हर्षदाला म्हणाले. "हत्याराचा मान न ठेवणारं माणूस मला नको. दुसरं कुणीतरी जाईल चाचणीला."

हर्षदा उभी राहिली. तिने आबांकडे पाहिलं, मग गुळाच्या खोलीच्या छोट्या गजांच्या खिडकीकडे. ती खिडकी आवारात उघडते. रोज दुपारी हर्षदा त्याच खिडकीसमोरून आत येत असे.

"आबा," ती म्हणाली, "चुकलं माझं. मीच चालवलं. परत करणार न्हाई."

"खोटं बोलते ती," माझ्या तोंडून गेलं.

"सूनबाई, ती कबूल करते आहे. तू कशाला मध्ये?"

"पिस्तूल तिच्या हातात असतं तेव्हा तुम्ही शेजारी असता. रिकामं चालवणार कधी ती?"

"मग कोण?" आबा माझ्यासमोर आले. रागावलेले होते, पण त्यांच्या डोळ्यांत दुसरंही काही होतं. अनोळखी स्टॉपवर उतरलेल्या माणसाच्या डोळ्यांत असतं तसं. "तू सांग. कोण?"

आणि मी, जी चार गावांच्या पुरुषांना फोनवर गप्प करत आले होते, तिला एक शब्द फुटेना. त्या माणसाने मला या घरात आल्या दिवसापासून अगंतुगं केलं असेल, पण एकदाही कमी लेखलं नव्हतं. शिवणाचं मशीन त्यांनीच घेऊन दिलं होतं, आणि ते शिकवायला कुणी नव्हतं तर सैन्यातल्या शिंप्यांची पुस्तिका मिळवून, शेजारी बसून, "वाच आणि चालव, हत्यारासारखंच आहे," म्हणाले होते.

बारटक्के आपल्या फडक्याच्या घड्या घालायला लागले. हे चिंचेकडे. हर्षदा पायातली चप्पल शोधायला खाली वाकली.

सासूबाई चहाची थाळी घेऊन उंबऱ्यात आल्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कळलं नाही; कपांवर साय धरली होती. त्यांनी थाळी खाली ठेवली.

"बस गं पोरी. कुठं चाललीस," त्या हर्षदाला म्हणाल्या. मग आबांच्या दंडाला धरून त्यांना खुर्चीत बसवलं, आणि स्वतः खाली ओसरीवर, त्यांच्या गुडघ्याला लागून बसल्या. चारचौघांत अशा त्या कधी बसल्या नव्हत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "भिंतीत पाल न्हाई."

"कसली पाल?"

"मी शैलाला सांगत हुते, पाल हाय म्हणून. न्हाई. दुपारी तुम्ही असता आत. पिस्तूल काढून, भिंतीकडं तोंड करून. मी दाराच्या फटीतनं रोज बघते. या पोरीनंबी बघितलंय खिडकीतनं. तुमच्या दिनकरनंबी."

आबा हसल्यासारखे झाले. "मी? मी रिकामं चालवीन? अगं, तो नियम मी लिहिलाय."

"लिहिलाय तुम्हीच. आणि बाहेर आलात की तुमच्या ध्यानात राहत न्हाई." त्यांनी त्यांचा अंगठा चावीवरून हळूच बाजूला केला आणि तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "पिस्तुलाचंच न्हाई, अहो. वरीस झालं, तुमच्या कशाचंच ध्यानात राहत न्हाई. आमी सगळी हसण्यावारी नेतो, कारण आमास्नी भ्या वाटतंय. तुम्हाला विसराचं दुखणं लागलंय. चावी शैलाकडं द्या आता."